लिव्हर, परवाना आणि ठासणीची बंदूक

बोईसरमध्ये बंदूक दिसते ती दोन ठिकाणी. एक, बँकेच्या दारात. गणवेशातले काका प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले असतात, मांडीवर दोन नळ्यांची बारा बोअर आडवी. ती उडालेली कुणी पाहिलेली नाही. दुसरी, तारापूर अणुविद्युत केंद्राच्या फाटकावर, सीआयएसएफच्या जवानाच्या खांद्याला. तिच्याकडे कुणी फार वेळ बघत नाही.

तिसरी आमच्या घरात होती. चिंचणीला, माजघरात, भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर. ठासणीची बंदूक, एक नळीची, जवळजवळ माझ्या उंचीची. आप्पांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, नावावर तिचा परवाना होता आणि त्यावर कारण लिहिलेलं होतं : पीकसंरक्षण.

आमची भातशेती बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. रानडुकरं उतरायची. आप्पा खळ्यावर झोपायला जायचे तेव्हा बंदूक घेऊन जायचे. पण त्यांनी तिने डुक्कर मारलं असं मला आठवत नाही, बाबांनाही आठवत नाही. ते नुसता बार काढायचे. नळीत दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं, मागच्या बाजूला तांब्याची टोपी बसवायची, घोडा मागे ओढायचा आणि आभाळाकडे तोंड करून चाप दाबायचा. आवाज डोंगरावर आपटून परत यायचा. डुकरं पळायची. मग पुन्हा भरायची म्हणजे अंधारात चाचपत तेच सगळं पहिल्यापासून. मी लहानपणी मनात आकडे मोजले होते. ऐंशीपर्यंत पोचले तरी आप्पांचा गज नळीतच होता.

आप्पा गेले आणि बंदूक एकदम कागद झाली. परवानाधारक गेला की वारसांनी हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा करायचं असतं. मग ज्याला ते हवं असेल त्याने आपल्या नावाने अर्ज करायचा. पोलीस चौकशी, डॉक्टरचा दाखला, हत्यार सुरक्षितपणे हाताळता येतं असं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. बाबांनी हात वर केले. काका पुण्याला. राहिलो मी आणि माझा टेक्सासमधला चुलतभाऊ. तो फोनवर म्हणाला, "ताई, तू घे ना नावावर. आप्पांची आहे. आणि इकडे ये एकदा, मी नवीन घेतली आहे, दाखवतो."

त्याने घेतली होती मार्लिन ३३६. लिव्हर-अ‍ॅक्शन शिकारी रायफल. दुकानात गेला, सरकारी फॉर्म भरला, दुकानदाराने त्याची पार्श्वभूमी तपासून घेतली आणि तासाभरात हा रायफल गाडीत टाकून घरी. मी त्या वर्षी सुट्टीत तिकडे गेले तेव्हा तिची पेटी उघडून चारच दिवस झाले होते. त्याने स्वतःसुद्धा ती चालवली नव्हती. एका शनिवारी सकाळी आम्ही शहराबाहेरच्या रेंजवर गेलो.

आता हे नीट सांगायला हवं, कारण आपल्यातल्या बहुतेकांनी लिव्हर-अ‍ॅक्शन पाहिलेली असते ती फक्त काउबॉयच्या सिनेमात. चापाभोवती जी लोखंडी कडी असते ती मागे लांब होऊन हाताच्या चार बोटांना पकड देते. तोच लिव्हर. कडी खाली-पुढे ढकलली की आतला खटका मागे सरकतो, उडालेल्या काडतुसाचं रिकामं पितळ बाजूला उडतं आणि घोडा ताणला जातो. कडी वर ओढली की पुढचं काडतूस नळीत जाऊन बसतं. हात दस्त्यावरून हलवायचा नाही, गाल काढायचा नाही. खाली, वर, चाप. खाली, वर, चाप.

काडतुसं भरायची उजव्या बाजूच्या छोट्या झडपेतून, अंगठ्याने ढकलत. ती मुख्य नळीच्या खाली असलेल्या दुसऱ्या नळीत एकामागे एक रांगेत बसतात, सहा. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. या काडतुसांच्या गोळ्यांची टोकं परंपरेने चपटी असतात. कारण रांगेत प्रत्येक गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं असतं आणि बुडात असते ठिणगी पाडणारी टिकली. टोकदार गोळी ठेवली आणि धक्का बसला तर रांगेतल्या रांगेतच बार व्हायचा.

शंभर यार्डांवर कागदाचं लक्ष्य. कानावर मफ, डोळ्यांवर चष्मा. भावाने पहिल्या सहा झाडल्या आणि कागदाच्या डाव्या कोपऱ्यात जाळी केली. नवीन रायफलचं हेच काम असतं पहिल्या दिवशी : मागचा नेम थोडा थोडा सरकवत, झाडत, दुर्बिणीतून भोक कुठे पडलं ते बघत राहायचं. मग माझी पाळी. थर्टी-थर्टी या काडतुसाचा धक्का सांगतात तेवढा वाईट नाही. खांद्याला कुणीतरी ओळखीच्या माणसाने जरा जोरात थाप मारल्यासारखा. तिसऱ्या गोळीला मला लय सापडली. सहाव्या गोळीनंतरही मी कडी खाली-वर केली आणि रिकाम्या नळीवर चाप ओढला, कारण हात थांबायला तयार नव्हता. मजा आली. खोटं कशाला बोलू.

सहा गोळ्या, नेम धरून, पंधरा-वीस सेकंदांत. आप्पांचा गज तेव्हा अजून अर्ध्यावरही पोचला नसता.

त्या रात्री मी या यंत्राची जन्मकथा वाचत बसले. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन गावात ऑलिव्हर विंचेस्टर नावाचा माणूस होता. धंदा शर्ट शिवण्याचा. त्याने एका डबघाईला आलेल्या बंदूक कंपनीत पैसे घातले. त्याच्या कारखान्यातल्या बेंजामिन टायलर हेन्रीने १८६० मध्ये लिव्हरच्या रायफलचं पेटंट घेतलं, १८६६ मध्ये कंपनीला विंचेस्टरचं नाव मिळालं आणि १८७३ चं मॉडेल तर घराघरांत गेलं. पुढे जॉन ब्राउनिंगने १८९४ चं मॉडेल आखून दिलं. त्याच्या सत्तर लाखांवर रायफली बनल्या.

अमेरिकेच्या सैन्याला ही भानगड फारशी पसंत नव्हती. शिपाई गोळ्या उधळतील, शिवाय काडतूस कमी ताकदीचं. म्हणून १८७० च्या दशकात त्यांचे घोडेस्वार एकेरी बाराच्या स्प्रिंगफील्ड घेऊन फिरत होते. मात्र दुकानदाराला सैन्याच्या पसंतीचं काय? त्याने ज्याच्याकडे पैसे, कातडी किंवा घोडे होते त्याला हेन्री आणि विंचेस्टर विकल्या. मूळ रहिवाशांनाही. २५ जून १८७६ ला मोंटानामध्ये लिटल बिगहॉर्न नदीकाठी लकोटा आणि शायान लोकांनी कस्टरची तुकडी कापून काढली. तिथे १९८३ मध्ये वणवा लागून गवत जळालं, पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक घेऊन जमीन पिंजून काढली तेव्हा लढवय्यांच्या जागांवर हेन्री आणि विंचेस्टरची रिकामी काडतुसं निघाली. सगळ्यांकडे त्या नव्हत्या, पुष्कळांकडे धनुष्यबाणच होते. पण त्या टेकडीवर जलद झाडणारी बंदूक सरकारकडे नव्हती, सरकार ज्यांना हटवायला आलं होतं त्यांच्याकडे होती.

हे वाचलं आणि मला तारीख खटकली. १८७६. कारण १८७८ हे साल आपल्याकडच्या इतिहासात बंदुकीचंच आहे.

त्याआधी आपल्याकडे बंदूक नवलाची नव्हती. आमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर तारापूरचा किल्ला आहे. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला, त्यानंतर मे महिन्यात वसई. तारापूरच्या तटाखाली सुरुंग लावले होते, वरून गोळ्यांचा आणि दारूच्या भांड्यांचा मारा होत होता आणि खालून मराठी बंदूकवाले तोड्याच्या बंदुका झाडत होते. जळती वात बोटात, दारू कमरेला. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत माणूस उघडा. बाजी भिवराव रेठरेकर इथेच पडले. आज किल्ल्याच्या आत वाडी आहे आणि भिंतीला वडाची मुळं. ही लढाई शाळेच्या पुस्तकात वसईच्या मागे झाकली जाते, याचा आम्हा तारापूरकरांना थोडा राग आहे.

सांगायचं हे की अठराव्या शतकात तारापूरच्या दोन्ही बाजूंना बंदूक होती, आणि फार वेगळी नव्हती. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत दोन गोष्टी बदलल्या. बंदूक जलद झाली आणि तिच्यावर कागद आला.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हत्यारं गोळा केली होतीच. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत भारतीय हत्यार कायदा आला. परवान्याशिवाय बंदूक बाळगायची नाही. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणसांना यातून सूट. भारतीय माणसाने कलेक्टरच्या कचेरीत अर्ज करायचा, आपली निष्ठा आणि ऐपत दाखवायची आणि वाट बघायची. ज्या दशकात न्यू हेवनचा शर्टवाला जगभर रायफली विकत होता, त्याच दशकात ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यासाठी दुकानाचं दार बंद झालं. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले. लोकांना सूट नको होती, अपमान नको होता.

लिव्हर-अ‍ॅक्शन भारतात आलीच नाही असं नाही. राजे-महाराजांच्या शस्त्रागारांत विंचेस्टर असायच्या. पण साहेबाच्या शिकारीत तिला मान नव्हता. वाघ, गवा यांच्यासाठी साहेब दोन नळ्यांची जड एक्स्प्रेस किंवा बोल्टची रायफल पसंत करायचा. त्यातही कागद शिरलाच. सैन्याची काडतुसं लोकांच्या हाती लागू नयेत म्हणून ३०३ बोअर सामान्यांना बंद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ४५० बोअरची शिकारी काडतुसंही याच भीतीने आयात करायची बंद झाली. इंग्लंडच्या बंदूकवाल्यांनी मग ४६५, ४७० असे थोडे वेगळे आकार काढले. आजही आपल्याकडे ईशापूरच्या सरकारी कारखान्याची परवान्याची रायफल म्हटली की ३१५ बोअर पुढे येते, तो त्याच भीतीचा वारसा आहे.

आपल्या जिल्ह्यात या कायद्याचा नकाशा मोठा मजेशीर होता. जव्हार हे संस्थान, राजे मुकणे, महादेव कोळी म्हणजे आदिवासी. त्यांना नऊ तोफांची सलामी होती. संस्थानाच्या हद्दीत ब्रिटिश हिंदुस्थानचा हत्यार कायदा लागू नव्हता. हद्द ओलांडून डहाणू-पालघरच्या बाजूला उतरलात की जमीनदार, जंगलाचा ठेकेदार आणि साहेब यांच्याकडे बंदूक, आणि जंगलात खरोखर राहणाऱ्या वारल्यांकडे तिरकमठा. तिरकमठा, फासे, मासे धरायची मळई. शिकार हा ज्यांच्या ताटाचा भाग होता त्यांना शिकारी रायफल कधी मिळालीच नाही. आणि शिकार हा ज्यांचा रविवारचा छंद होता त्यांच्यासाठी हेच वारली हाका घालायला जायचे. वेठीत. फुकट. वारली पाड्यात वाघ मारायची वस्तू नव्हतीच मुळात, वाघ्या म्हणून शेंदूर लावायचा देव होता. अजूनही आहे.

पालघर शहरात गोळीची आठवण आहे ती १४ ऑगस्ट १९४२ ची. चले जावच्या आंदोलनात कचेरीवर मोर्चा गेला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण गेले. स्टेशनवरून बाहेर पडणारा प्रत्येक जण हुतात्मा चौक ओलांडतो. दर १४ ऑगस्टला पालघर थांबतं.

तीन वर्षांनंतरच्या गोळीबाराला असा गजबजलेला चौक नाही. बोईसरहून मनोर, तिथून विक्रमगडच्या रस्त्याला तलवाडा लागतं. १९४५ च्या मे महिन्यात झरीला वारल्यांची परिषद झाली होती. श्यामराव आणि गोदावरी परुळेकर, किसान सभा, लाल बावटा. वेठबिगार करायची नाही असं ठरलं. पावसाळा संपला आणि गवतकापणी आली. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये द्या, नाहीतर विळा उचलणार नाही, एवढीच मागणी. संप सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये पाड्यापाड्यांत निरोप फिरला : गोदूताईंच्या जिवाला धोका आहे, जमीनदारांचे गुंड येणार आहेत, तलवाड्याला जमा. निरोप खोटा होता. पोलिसांना मात्र त्याच वेळी कळवलं गेलं की वारली हल्ला करायला जमले आहेत. हजारो माणसं रात्रभर चालत आली. हातात काठ्या, कोयते. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले, त्यांत जेठ्या गांगड होता. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं आहे. बोईसरच्या कुठल्याही मुलाने कॉलेज संपायच्या आत ते वाचावं असं मला वाटतं, आणि मी हे सल्ले सहसा देत नाही.

टेक्सासच्या त्या रात्री, खांद्याला रायफलच्या थापेची ठणक असताना, माझ्या डोक्यात प्रश्न आला होता तो सरळ आणि पोरकट होता. तलवाड्याच्या माळावर वारल्यांकडे विंचेस्टर असत्या तर? लिटल बिगहॉर्नवर होत्या ना.

पण लिटल बिगहॉर्नच्या पुढे काय झालं तेही त्याच पुस्तकांत आहे. सरकारने आणखी सैन्य पाठवलं. वर्षभरात बहुतेक टोळ्या राखीव वस्त्यांत कोंडल्या गेल्या. १८९० मध्ये वूंडेड नी इथे, लकोटांची हत्यारं काढून घेत असतानाच, बायका-मुलांसह शेकडो माणसं मारली गेली. जलद बंदुकीने त्यांना एक दुपार जिंकून दिली. वारल्यांनी मात्र विळा खाली ठेवला आणि तो उचलला नाही. गवत माळावर वाळत गेलं, व्यापाऱ्याचं आणि जमीनदाराचं नुकसान व्हायला लागलं आणि मजुरी वाढली. वेठ मोडली. पाच माणसं गेली, हे त्यातून वजा होत नाही. पण काय जिंकलं आणि कशाने, याचा हिशेब करताना मला रेंजवरची ती मजा फार उपयोगाची वाटेना.

गंमत म्हणजे स्वराज्य मागणाऱ्यांनाही बंदूक हवी होती. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. एकोणीस वर्षांनी संविधान लागू झालं तेव्हा तो हक्क गायब होता. उलट कलम १९ मध्ये एकत्र जमण्याचा हक्क आला तो 'शांततेने आणि विनाशस्त्र' या अटीवर. मधल्या काळात काय झालं होतं? फाळणी. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा हत्यार कायदा आला. परवाना राहिला, सूट गेली, आणि एक कलम आलं जे आमच्या घरासाठीच लिहिल्यासारखं आहे : खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी नागरिकाला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. १९५९ मध्ये, जेव्हा जग रॉकेट सोडत होतं, आपण शेतकऱ्याला विश्वासाने दिलं ते जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मोडीत निघालेलं यंत्र. मला आधी हा अपमान वाटायचा. आता वाटतं, कायदा करणाऱ्यांनी नेमका विचार केला होता. डुकराला पळवायला एक बार पुरतो. माणसावर राग काढायला मात्र दुसरा लागतो, आणि तो भरेपर्यंत आप्पांसारखा माणूससुद्धा ऐंशीपर्यंत मोजून शांत झाला असता.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारी रायफलची शिकारच गेली. परवाने उरले, बंदुका उरल्या, भिंतीवरची मढवलेली मुंडकी उरली. १९८० च्या दशकात परदेशी हत्यारांची आयातही सामान्यांना बंद झाली, नामांकित नेमबाज सोडून. म्हणून आजच्या भारतात नवी लिव्हर-अ‍ॅक्शन रेंजवर चालवून बघायची संधी तुम्हा-आम्हाला जवळजवळ नाही. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जी मुलं-मुली सराव करतात त्यांच्या हातात एअर रायफल किंवा बावीस बोअर असते आणि समोर कागद. अंजली भागवत तिथूनच घडली. आपल्याकडची रायफल शिकारीतून सुटून खेळात गेली. माझ्या भावाच्या टेक्सासमध्ये ती अजून हरणामागे जाते, आणि हरणाचा मोसम असतो, कोटा असतो, तोही कागदच. त्या नोव्हेंबरात त्याने एक हरीण मारलं आणि मला फोटो पाठवला. मी अंगठा दिला. आईला दाखवला नाही.

परत आल्यावर मी वारसाच्या अर्जाचा कागद भरायला बसले. नाव, वय, पत्ता, आप्पांशी नातं. मग रकाना आला : हत्यार कशासाठी हवं आहे. आप्पांच्या परवान्यावर पीकसंरक्षण होतं. आमची भातशेती २०११ मध्ये विकली गेली. तिथे आता औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांसाठी बांधलेल्या चार मजली इमारती आहेत आणि खाली मोबाइल रिचार्जचं दुकान. रानडुकरं अजून उतरतात असं लोक म्हणतात, कचऱ्याच्या ढिगाकडे. स्वसंरक्षण लिहावं तर कुणापासून? खेळ लिहावं तर ठासणीने कुठल्या रेंजवर? 'आजोबांची आठवण' हे कारण कायद्यात बसेना.

भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, काहीतरी टाक ना, कोण बघतंय." पण एवढी दोनशे-तीनशे वर्षं त्या एका रकान्यावरून वाचून झाल्यावर मला तिथे खोटं लिहिता येईना.

बाबा आणि मी पोलीस ठाण्यात गेलो आणि बंदूक कायमची जमा करायचा अर्ज दिला. हवालदाराने नळीला डोळा लावून पाहिलं, नाक लावून वास घेतला आणि विचारलं, "चालते का अजून?" बाबा म्हणाले, "आवाज करते." त्यांनी चापाला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, वहीत नोंद केली : ठासणीची बंदूक १, गज १. दारू ठेवायचं शिंग बाबांनी टेबलावर ठेवलं होतं. ते परवान्यात नव्हतं, म्हणून त्यांनी ते परत आमच्या हातात दिलं.